अक्का कुठंच जात नाही

अक्षता मगदूमनं चिमणघरातली नोकरी सोडली नव्हती आणि तिला कुणी काढलंही नव्हतं. ती दहा आठवडे आधी इस्पितळात आणि मग निपाणीला माहेरी पडून होती, एवढंच. तरीही त्या दहा आठवड्यांत ती रोज सकाळी साडेआठच्या ठोक्याला इचलकरंजीच्या चिमणघरात हजर होती. आणि नुसती इचलकरंजीच्या नव्हे, हुपरीच्या, जयसिंगपूरच्या, कागलच्या, मिळून अकरा चिमणघरांत. पोरांना भरवत होती, झोपवत होती, नाकं पुसत होती. आता हे कसं काय, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. पण त्याआधी ती परत आली त्या दिवसाचं ऐका.

त्या दिवशी ती आपल्या लेकीला घ्यायला चिमणघरात गेली. शर्वी आठ महिन्यांची झाली होती. पाळण्यांच्या खोलीत हिरवा एप्रन घातलेली आरोही कांबळे नावाची एकवीस वर्षांची पोरगी तिला खांद्यावर घेऊन उभी होती. अक्षताला बघून आरोहीचा चेहरा फुलला आणि तिच्या गळ्यातून अक्षताचा आवाज आला, "बघा बघा कोण आलंय! शर्वीची आई आली!"

अक्षतानं हात पुढं केले. "ये गं चिमे," ती म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज आता करपलेलं पातेलं खरवडावं तसा येत होता.

शर्वीनं क्षणभर बघितलं आणि जी किंकाळी फोडली! अंग ताठ केलं, पाय झाडले, आणि आरोहीच्या एप्रनमध्ये नाक खुपसून दडून बसली.

"असं नाही करायचं सोन्या, आई आहे ना ती," आरोही म्हणाली. म्हणजे अक्षताच्याच आवाजात म्हणाली. मग ओशाळून खाली बघत राहिली.

अक्षताला वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला हवं, एवढं तिला कळत होतं.

तर त्याचं असं झालं होतं. कपड्यांचे मोठमोठे कारखाने आले तशी त्यांत कामाला जाणाऱ्या बायकांच्या लेकरांसाठी चिमणघरं निघाली. इमारती झकास, खेळणी झकास, पण सांभाळणाऱ्या बाया काही टिकेनात. एकीच्या अंगावर दहा-दहा तान्ही पोरं, कंबरेचा काटा ढिला, आणि पगार समोरच्या कारखान्यात बटणं लावणाऱ्या पोरीपेक्षा कमी. एखादी बाई आठ महिने टिकली तर पेढे वाटावेत अशी गत. आणि बाई गेली की पोरं जेवायची नाहीत, त्यांना ताप भरायचा, रडून रडून घसे बसायचे. पालक मॅडमच्या टेबलावर मूठ आपटून जायचे. पगार वाढवा, माणसं वाढवा, हे शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. पण व्यवस्थापनानं शास्त्रज्ञ बोलावले.

शास्त्रज्ञ काही मूर्ख नव्हते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. तान्हं मूल चेहरा बघतं खरं, पण विश्वास टाकतं तो नाकावर आणि कानावर. प्रत्येक माणसाच्या कातडीतून शेकडो प्रकारचे बारीक बारीक अंश हवेत उडत असतात. त्यातले चाळीसेक अंश आणि त्यांचं आपापसातलं प्रमाण, हीच बाळाच्या लेखी त्या माणसाची सही. ती सही यंत्रानं वाचता येते आणि पुन्हा तयारही करता येते. एप्रनच्या धाग्यांत डोळ्यांना न दिसणाऱ्या कुप्या विणायच्या. अंगाच्या उबेनं त्या हळूहळू फुटतात आणि घालणाऱ्या बाईचा वास झाकून दुसरीचा वास आठ तास दरवळत ठेवतात. आवाजाचं काम गळपट्टा करतो. तो गळ्याची थरथर टिपतो, बाईचा मूळ आवाज उलट्या लाटेनं मारून टाकतो आणि तेच शब्द दुसरीच्या आवाजात बाहेर सोडतो. डोक्याला सगळ्यांनी एकसारखा हिरवा रुमाल बांधला, की झालं. आतली बाई कुणी का असेना, पोरांच्या लेखी ती एकच.

ती एक म्हणून त्यांनी अक्षताला निवडलं. चार वर्षं टिकलेली ती एकटीच होती, आणि पोरं तिला अक्का म्हणून नुसती चिकटायची. तीन रात्री तिला एकच सुती बंडी घालून झोपवलं आणि ती बंडी प्रयोगशाळेत नेली. अकरा तास बसवून तिच्याकडून अंगाई, दटावणी, लाडीगोडी, सगळं वदवून घेतलं. तिनं कागदावर सही केली तेव्हा तिची छाती अभिमानानं फुगली होती. नवऱ्याला, भूषणला, तिनं त्या दिवशी स्वतःहून मिसळ खायला नेलं. पुढं फाटकावर पाटी लागली, अक्का कुठंच जात नाही. रडणं थांबलं, ताप थांबले, मूठ आपटणारे पालक थांबले. बाया मात्र आधीपेक्षा जास्त सोडून जायला लागल्या, आणि आता त्याचं कुणालाच काही वाटेना. अक्का टिकली होती ना!

मग शर्वी झाली, आणि ती पाच महिन्यांची असताना अक्षताच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडची ग्रंथी काढावी लागली. काढताना आवाजाची नस दुखावली. त्यानंतर किरणोत्सर्गी आयोडीनची गोळी. ती गोळी घेतल्यावर अंगातून किरणं बाहेर पडतात, म्हणून बाळाला जवळ घ्यायचं नाही, पाजायचं तर मुळीच नाही. त्यात जखम चिघळली आणि मुक्काम लांबला. भूषणच्या यंत्रमागावरच्या पाळ्या, सासू देवाघरी. पोरीला दिवसभर ठेवायचं कुठं?

"आपल्याच चिमणघरात," अक्षता इस्पितळात जाताना म्हणाली होती. "पाळण्यांच्या खोलीत. तिथं मी नसले तरी मीच असेन."

ही तिची चूक. दुसऱ्या कुठल्या आईला करताच आली नसती. आजारपणानं तिचा आवाज नेला, औषधांनी तिचा वास बदलला, आणि तिची जुनी, खणखणीत, दुधाळ सही दहा आठवडे रोज शर्वीला खांद्यावर घेऊन फिरत राहिली. पोरीच्या दृष्टीनं तिची आई कधी आजारी पडलीच नव्हती. आता ही घोगरी बाई कोण उपटली, एवढाच तिचा प्रश्न होता.

डॉक्टर म्हणाले होते, "ग्रंथी गेली, आता हार्मोन गोळीतून द्यायचं. डोस बसायला दोन-तीन महिने लागतील. तोवर सगळं कापसाच्या बोळ्यातून ऐकल्यासारखं वाटेल. आनंद नाही, दुःख नाही. घाबरू नका."

घाबरायला तरी कुठं येत होतं?

घरी संध्याकाळी शर्वी भूषणच्या मांडीवर बाटली प्यायची आणि अक्षता दाराशी उभी राहायची, कारण आत पाऊल टाकलं की पोरगी बाटली सोडायची. "झोपली की घे तिला," भूषण हळूच म्हणायचा. "झोपेत काय कळत न्हाई तिला." मग ती झोपल्यावर अक्षता तिला मांडीवर घ्यायची. पोरीचं वजन वाढलं होतं. जावळ दाट झालं होतं. या सगळ्याची ती नोंद घ्यायची आणि पुन्हा पाळण्यात ठेवायची.

"तो एप्रनच घरी आण की," भूषण एकदा वैतागून म्हणाला. "तुझाच वास, तुझाच आवाज. बापाचा माल न्हाई त्यांच्या."

ती चिमणघराच्या प्रमुख पटवर्धन मॅडमना भेटली. मॅडम वाईट नव्हत्या. वीस वर्षं त्यांनी पोरांची रडणी ऐकली होती आणि ती थांबल्याचं त्यांना मनापासून सुख होतं.

"एप्रन बाहेर जात नाही, मगदूम," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी कपाटात ठेवून कुप्या भराव्या लागतात. आणि नियम आहे."

"मग निदान शर्वीच्या खोलीतला वास रोज थोडा थोडा कमी करा. हळूहळू मी..."

"ती एकटी नाही त्या खोलीत. बाकीच्या नऊ जणांची अक्का मी पातळ करू? त्यांच्या आयांना काय सांगू?" मग मॅडम पुढं झुकल्या. "तुम्ही असं करा. सोमवारपासून कामावर या. एप्रन घाला, पट्टा बांधा. तुमची मुलगी दिवसभर तुमच्या कडेवर असेल. तीन वर्षांचा करार करू. शर्वी इथून मोठी होऊन बाहेर पडेपर्यंत तुम्ही इथं. काय हरकत आहे?"

हरकत शोधायला अंगात काहीतरी हलावं लागतं. अक्षतानं सही केली. मॅडमना तर देव पावला. मूळची अक्कासुद्धा आता तीन वर्षं कुठं जाणार नव्हती.

सोमवारी तिनं आपला एप्रन चढवला. स्वतःचा वास स्वतःला येत नाही म्हणतात, पण तिला आला. शिकेकाई, घाम, आणि दुसरं काहीतरी गोडसर, ज्याला नाव नव्हतं. तो आता तिचा राहिला नव्हता म्हणूनच येत असणार. तिनं पट्टा बांधला आणि म्हणाली, "शर्वे." घसा खरवडला, पण खोलीत घुमली ती जुनी हाक.

शर्वीनं दोन्ही हात वर केले!

अक्षतानं तिला उचललं. पोरीनं एप्रनमध्ये नाक घातलं, हुंकार दिला आणि मान टाकली. दहा आठवड्यांनी लेक जागेपणी खांद्यावर आली होती. ज्याच्यासाठी सही केली ते मिळालं होतं. अक्षता कान देऊन आत ऐकत राहिली, पण आत सामसूम होती.

दोनच मिनिटांत शर्वी चुळबुळायला लागली. रडत नव्हती. पाठ मागं ढकलायची, थांबायची, वाट बघितल्यासारखी, आणि पुन्हा ढकलायची.

कोपऱ्यात दुपटी घड्या करत बसलेल्या मंगलमावशी बघत होत्या. साठीच्या मदतनीस, चिमणघर निघालं तेव्हापासूनच्या. "थाप मागतीया ती," त्या म्हणाल्या.

"थापटतेय की मी."

"तुझी न्हवं. आरोहीची. ती तीन थाप देती आन् मग पाठीवरनं गोल हात फिरवती. तिची आई भाकऱ्या करून इकती नव्हं का, ते बघून हाताला वळण लागलंय पोरीच्या." मावशींनी पुढचं दुपटं घेतलं. "वास आन् आवाज काढला त्यांनी, हात कुठला काढत्यात! दर खेपेला बाई बदलली की पोरं अशीच करत्यात. आठ-धा दीस हुडकत्यात. मग सोडून देत्यात."

"मावशी, हे मॅडमना कधी सांगितलं नाही तुम्ही?"

"इचारलं कुणी? त्यास्नी रडण्याचा आकडा पायजे. पोरं रडतच न्हाईत. रडणार कशी? अक्का तर समोर हुबी हाय. गेली म्हणून कुणाच्या नावानं रडायचं त्यांनी?"

दुपारी अक्षता मोठ्या पोरांच्या खोलीत गेली. अडीच वर्षांची पोरं, पाळण्यापासून चिमणघरातच वाढलेली. सात अक्कांच्या हाताखालून ही गेली होती. पाहुण्यांना दाखवायला नेहमी हीच खोली उघडायचे, इतकी गुणी पोरं. तिनं एकाला मांडीवर घेतलं. तो बसला. थापटलं तरी तसाच, नाही थापटलं तरी तसाच. खाली ठेवलं तर जिथं ठेवलं तिथं बसून राहिला आणि तिच्याकडं बघत राहिला. ती नजर अक्षताच्या ओळखीची होती. इस्पितळातून आल्यापासून ती रोज वेणी घालताना आरशात तीच बघत होती.

तिला निदान गोळी होती. दोन-तीन महिन्यांत डोस बसणार होता. या पोरांना कुठली गोळी होती? आणि शर्वी आठ-दहा दिवसांत हुडकायची थांबली, की तिचंही हेच होणार होतं.

आरोहीला सोमवारपासून दुसऱ्या खोलीत पाठवलं होतं, आणि तिचा शेवटचा दिवस शनिवार होता. कागलला शिलाईच्या कामावर निघाली होती. डबे धुताना अक्षतानं तिला गाठलं. दोघींनी पट्टे सैल केले होते.

"राहशील का गं?" अक्षतानं विचारलं.

आरोही दचकली. तिचा खरा आवाज बारीक होता, शाळकरी मुलीसारखा. "असं पहिल्यांदाच विचारलं कुणी इथं. मॅडम नुसतं एप्रन जमा कर म्हणाल्या."

"मी विचारतेय."

"नाही ताई. तिथं निदान माझ्या मशीनवर माझं नाव असतंय." ती डबा पुसत राहिली, मग एकदम म्हणाली, "तुम्हाला राग येईल, पण सांगते. तुमच्या शर्वीवर जीव जडलाय माझा. पहिले पंधरा दिवस काही खात नव्हती, मऊ भात करून बोटानं चाटवला मी. पण ते सगळं तुमच्या आवाजात केलं. तिला मी ठाऊकच नाही. शनिवारी मी गेले तरी तिला कळायचं नाही. कुणालाच कळायचं नाही." तिचे डोळे भरून आले. "मी काही मेले-बिले नाही हो, पण तसंच वाटतंय."

अक्षताला राग आला नाही. पण पुढचे चार दिवस ती त्या थापेचाच विचार करत होती. तिनं ती शिकून बघितली. तीन थाप, मग गोल. शर्वी थांबायची, अंदाज घ्यायची आणि पुन्हा पाठ ढकलायची. बुधवारी पाच-सहा वेळा ढकलली. गुरुवारी तीनदा. शुक्रवारी एकदाच.

आणि शुक्रवारी सगळे म्हणाले, "शर्वी बघा किती शहाणी झाली!"

चिमणघरात निरोपाची पद्धत ठरलेली होती. पोरं दुपारी झोपली की जाणारीनं मागच्या कोठीच्या दारानं जायचं, आणि येणारीनं तोच एप्रन घालून पाळण्यापाशी बसायचं. शनिवारी साडेबाराला आरोही एप्रन मॅडमच्या हाती देऊन मागं वळली, तर कोठीच्या दारात मंगलमावशी. "हितनं न्हाई जायाचं," त्या म्हणाल्या. "फुडच्या फाटकाकडं जा. अक्षता थांबलीया."

अक्षतानं पट्टा सोडून खिडकीत ठेवला होता, एप्रन खुंटीला अडकवला होता, आणि झोपलेल्या शर्वीला उचलून ती फाटकापाशी उभी होती. ऊन लागलं तशी पोरगी जागी झाली. समोर परकी बाई, परका वास! तिनं किंकाळ्या फोडायला सुरुवात केली. अक्षतानं तिला घट्ट धरून ठेवलं.

आरोही आली. पिवळा पंजाबी ड्रेस, मोकळे केस. शर्वीनं तिला कधी अशी बघितलीच नव्हती. "शर्वे," ती आपल्या बारीक आवाजात म्हणाली, आणि पोरगी आणखीच बिथरली.

"बघितलंत ताई? नाही ओळखत," आरोही मागं सरकली. "न्या तिला आत, उगाच त्रास."

"हात लाव," अक्षता म्हणाली.

आरोहीनं हात पुढं केला. तीन थाप. मग तळव्यानं गोल.

शर्वी गप्प झाली. हुंदका अर्ध्यात राहिला. तिनं सावकाश मान वळवली, आणि त्या हातामागं कोण आहे ते पहिल्यांदा बघितलं. नाक बघितलं, कपाळ बघितलं, मोकळ्या केसांना हात लावला. आरोही हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. फाटकाबाहेर थांबलेल्या रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला.

"येते हं सोन्या," आरोही म्हणाली.

"येते नको म्हणूस."

"ताई, तसं म्हणू नये. निघताना येतेच म्हणतात."

"माहितेय मला. पण तू यायची नाहीस. तिला खरं सांग."

आरोहीनं शर्वीचा हात केसांतून सोडवला, त्याचा मुका घेतला आणि म्हणाली, "जाते गं बाळा. मी आरोही. जाते मी."

रिक्षा वळणापर्यंत दिसत होती. शर्वी तिकडं बघत होती. रिक्षा दिसेनाशी झाल्यावर तिनं अक्षताकडं पाहिलं, पुन्हा रस्त्याकडं पाहिलं, आणि मग रडली. हे किंकाळ्यांचं रडणं नव्हतं. पोटातून आलेलं, लांबलचक, श्वास कोंडणारं. तोंड लपवायला जवळ एकच खांदा होता, चुकीच्या वासाचा. तिनं त्यातच तोंड खुपसलं आणि अक्षताची वेणी मुठीत आवळून ती रडत राहिली.

पटवर्धन मॅडम धावत पायऱ्या उतरल्या. "मगदूम! अहो, केवढी रडतेय ती! एप्रन कुठंय तुमचा? आत आणा तिला!"

अक्षताच्या गळ्यात टाक्यांच्या जागी काहीतरी दाटून आलं. ते दुखत होतं. चांगलंच दुखत होतं. तिला वाटलं औषधाचं असेल, मग कळलं की आपणही रडतोय.

"रडू दे मॅडम," ती आपल्या फुटक्या आवाजात म्हणाली. "तिचं माणूस गेलंय."